भीमथडी तट्टू घ्यायचंय? आधी घरात बसून बोला



गेल्या काही बैठकांत तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला. "मॅडम, घोड्यालाही अनुदान मिळतं म्हणे. मग शेळ्यांऐवजी तट्टू घ्यावं का?" प्रश्न रास्त आहे. पण तट्टू घरी आलं तर पहाटे त्याला पाणी कोण दाखवणार, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, म्हणून या अंकाचा धडा त्यावर लिहिलाय. जरा लांब आहे. गटात एकीने मोठ्याने वाचा, मध्ये थांबून बोला, आणि पशुसखी ताई असतील तर त्यांना शेजारी बसवून घ्या.

भीमथडी म्हणजे कोणतं तट्टू?

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. पुण्याच्या भीमथडी जत्रेत आपल्यातल्या काही गटांनी चटण्या-पापडाचे स्टॉल लावलेत, ते नाव याच मुलखाचं. आपल्या राज्यगीतातही या तट्टांचा उल्लेख आहे. मराठ्यांच्या घोडदळात हीच जनावरं होती. पुढे फौजा गेल्या, मोटारी आल्या, आणि तट्टू उरलं ते मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या धनगरांच्या वाड्यांवर. वाडा म्हणजे इथे माडीचं घर नव्हे, मेंढरांमागे फिरणारी बिऱ्हाडं.

2023 साली हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया, कच्छी-सिंधी यांच्या रांगेत आपलं तट्टू बसलं. नोंद झाली म्हणजे संख्या वाढली असं नाही, ती अजून काही हजारांतच आहे. वाडे टेम्पो-पिकअप भाड्याने घ्यायला लागले, मुलांच्या शाळेसाठी घरं एका जागी थांबली, की दावणीवरून आधी तट्टूच जातं.

दिसायला ते लहानच. खांद्यापाशी सव्वाचार फुटांच्या आसपास. मारवाडीसारखा दिमाख नाही, वरातीत उठून दिसत नाही. पण खूर कणखर, चाल न थकणारी, खाणं बेताचं, आणि कामं अनेक. ओझं वाहतं, सवारी देतं, हलका टांगा ओढतं, गर्दीत आणि घाटात बावरत नाही.

आणि हे बायकांचं जनावर आहे. ज्यांना "घोडं म्हणजे पुरुषांचं काम" असं ऐकवलं जातं, त्यांनी हे नीट वाचावं. मुक्काम हलतो तेव्हा पुरुष मेंढरं घेऊन पुढे निघतात. मागचं सगळं बिऱ्हाड, म्हणजे वाघर, पाल, भांडी, पिठाचं पोतं, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी वर बसवलेलं पोर, हे तट्टांवर लादून पुढच्या मुक्कामाला न्यायचं काम बायका करतात. दोन्ही बाजूंचं वजन सारखं कसं ठेवायचं, दोर कुठे आवळायचा, कोणतं तट्टू पुढे धरायचं, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरून पावसाआधी परत येणाऱ्या वाड्यांवर आजही हे दिसतं.

गावात स्थिर झालेल्या घरात मात्र चित्र उलटतं. पावती पुरुषाच्या नावाने, लगाम त्याच्या हातात, फोटोत तोच. पाणी, वैरण, लीद आणि रात्रीचं उठणं बाईकडे. तट्टू आणलं तर आपल्या घरी यातलं काय होईल, हे विकत घेण्याआधी कळायला हवं. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे.

पंधरा दिवस, तट्टू नसताना तट्टूची चाकरी

एक वही घ्या. रोजची कामं ओळीने लिहा, वर घरातल्या माणसांची नावं. मग तट्टू आहेच असं धरून पंधरा दिवस खरंच कामं करा.

सकाळी उठून जादा पाणी भरा. सव्वादोनशे-अडीचशे किलोच्या तट्टाला दिवसाला 20 ते 25 लिटर पाणी लागतं, म्हणजे मोठे दोन हंडे. उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी आणि दूध पाजणाऱ्या घोडीला त्याहून बरंच जास्त. पाच-सहा किलो कडबा तोलून बाजूला काढा, तीन-चार वेळांसाठी वेगळा ठेवा. संध्याकाळी कुणीतरी पाऊण तास चालून या, कारण बांधून ठेवलेलं घोडं बिघडतं. "भाकरी का करपली, पान का सडलं, घोडं का अडलं" या जुन्या कोड्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहेच: न फिरवल्याने. लिदीसाठी रोज दहा मिनिटं धरा. ती रोज आठ-दहा किलो तरी पडते, खत चांगलं होतं, पण उकिरड्यावर ती आपोआप जात नाही.

ज्याने काम केलं त्याच्या रकान्यात खूण करायची. वही घरातल्या शाळकरी मुलीकडे किंवा मुलाकडे द्या. मुलं खोटी खूण करत नाहीत.

एका गटातल्या ताईंनी हे खरंच करून पाहिलं. पहिले चार दिवस त्यांच्या यजमानांनी हौसेने पाणी भरलं. सातव्या दिवसापासून सगळ्या खुणा एकाच रकान्यात पडायला लागल्या. सहावीतल्या मुलीने तो कागद टीव्हीच्या वर चिकटवला. मग बोलणं निघालं ते सासूबाईंकडूनच. वाड्यावर आयुष्य गेलेल्या बाई त्या, लेकाला म्हणाल्या की तुझ्या बापाने कधी तट्टू उपाशी ठेवलं नव्हतं. शेवटी ठरलं असं की बाजरी निघेपर्यंत थांबायचं, संध्याकाळचं फिरवणं सासूबाई आणि नातवंडं करतील, आणि पाणी यजमानांकडेच राहील. तट्टू अजून आलेलं नाही. माझ्या मते त्या घरचं काम योग्य वाटेने चाललंय.

कामाची वाटणी: कुणाला काय शिकवायचं

चारा देणाऱ्याने आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करायची. तट्टू म्हणजे छोटी गाय नव्हे. ते रवंथ करत नाही, त्याचं पोट लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. चुकीचं खाल्लेलं वर येऊन बाहेर पडत नाही, आतच अडतं. म्हणून थोडं थोडं, पण वरचेवर. चंदी फक्त कामाच्या दिवसांत किंवा गाभण, दुभत्या घोडीला. किलो-दीड किलो भिजवलेला हरभरा किंवा भरडा, दोन वेळांत विभागून, एका वेळी किलोच्या वर कधीच नाही. चमचाभर मीठ रोज.

बुरशी आलेला कडबा गाईलाही वाईट, तट्टाला तर प्राणघातक ठरू शकतो. कोवळी हिरवी ज्वारी नको. कोंबडीखाद्य आणि गाईचं तयार पशुखाद्य तट्टाच्या तोंडी लावू नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, ते घोड्याला मारतं. आणि आजींना हे गोडीने सांगायचं की लग्नातला उरलेला भात, शिळ्या भाकऱ्यांची पाटी मायेने पुढे ठेवायची नाही. एकदम पोटभर धान्य गेलं की पोट फुगतं, नाहीतर खूर आतून सुजतात आणि जनावर पाय टेकवत नाही.

पोटदुखीची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत: पुढच्या पायाने जमीन खरडणं, वळून सारखं कुशीकडे बघणं, लोळणं, खाणं सोडणं, लीद बंद होणं. अशा वेळी वैरण काढून घ्या, लोळत असेल तर हळूहळू चालवा आणि लगेच पशुवैद्यकीय डॉक्टर किंवा 1962 या फिरत्या दवाखान्याच्या नंबरला फोन करा. तेल, सोडा, काढा घरी पाजायचा नाही. ते फुप्फुसात गेलं तर दुसरंच संकट उभं राहतं.

खुरांचं काम थोरल्या माणसाकडे द्या, यजमान किंवा दीर. रोज चारही खूर उचलून आतली माती-खडे काढायचे, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून घ्यायचे. मातीवर हिंडणाऱ्या तट्टाला नाल लागतेच असं नाही, डांबरी रस्त्यावर रोजचं काम असेल तर लागते.

खरारा आणि पाठ बघणं मुलांना जमतं, आवडतंही. ओझं किंवा खोगीर उतरवल्यावर पाठीवरून हात फिरवायचा. गरम लागतंय का, केस गेलेत का, तट्टू दचकतं का. पाठ लागली असेल तर ती बरी होईपर्यंत खोगीर चढवायचं नाही, कितीही मोठी सुपारी आली तरी. मुलांना चार नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगा: मागून जायचं नाही, दोर हाताला गुंडाळायचा नाही, घास बोटांत धरून नाही तर उघड्या तळहातावर द्यायचा, आणि बसताना डोक्याला हेल्मेट. अनवाणी तर जवळही जायचं नाही. मोठं माणूस जवळ नसताना लहान मूल दावणीपाशी नको. आणि अजून एक, हे मी आग्रहाने सांगते: शाळेच्या वेळेत मुलीच्या नावावर तट्टूचं कुठलंच काम लिहायचं नाही. वहीत तसं लिहिलेलं दिसलं तर गटाने विचारावं.

सासूबाई किंवा घरातलं जुनं माणूस वाड्यावर राहिलेलं असेल तर तुमच्या घरात शाळाच आहे. त्यांच्याकडून लादणी शिका, गाठी शिका, तट्टूचा स्वभाव ओळखायला शिका. त्या भोवरे बघायलाही सांगतील: अमुक जागी भोवरा असला तर घराला वाईट, तमुक जागी असला तर भरभराट. माझं मत विचाराल तर निरोगी, शांत घोडी एका भोवऱ्यापायी सोडू नका. पण भोवरे नीट बघून लिहून मात्र ठेवा, कारण ते जन्मभर बदलत नाहीत. जनावराची ओळख पटवायला तेच उपयोगी पडतात.

घोडी व्याली तर

ज्यांनी गाई-म्हशींची बाळंतपणं केलीत त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम. घोडी 11 महिने गाभण असते. बहुतेक वेळा ती रात्रीच विते आणि झटपट विते. शिंगरू तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत त्याने आचळ धरायला हवं, आणि तीन तासांत घोडीचा वार पडायला हवा. गाईचा वार अडकला तर आपण रात्रभर वाट बघतो. घोडीच्या बाबतीत तसं थांबलात तर विष अंगात भिनतं, ती पाय धरते आणि जाऊही शकते. तीन तास झाले की फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. वार ओढायचा नाही. पहिलं चिकाचं दूध शिंगराच्या पोटात पहिल्या काही तासांतच गेलं पाहिजे.

पैदास करायची असेल तर नर भीमथडीच निवडा, आणि नात्यातला नको. वरातीला उंच दिसावं म्हणून मारवाडी लावण्याचा मोह होतो. शिंगराला भाव बरा येईलही, पण थोडक्यात भागणारं, डोंगर चढणारं जनावर त्यातून मिळेल याची खात्री नाही. प्रत्येक दारी नर पाळायची गरज नाही. एक चांगला नर अनेक वाड्यांना पुरतो, हे चार गटांनी मिळून ठरवता येतं.

दवाखाना आणि कायदा

गावात लाळ्या-खुरकूतची लस द्यायला पथक येतं. हा रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, घोड्याला तो होत नाही, त्यामुळे तट्टाकडे कुणी वळत नाही आणि आपल्यालाही वाटतं की झालं लसीकरण. तट्टाला धनुर्वाताची लस लागते, आणि ती आपण मागून घ्यायची. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. एक गंजका खिळा पुरतो.

दुसरा रोग ग्लँडर्स. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी आणि फुटून झालेले व्रण ही त्याची लक्षणं. तो माणसालाही होतो. त्यावर जनावराला उपचार दिले जात नाहीत, 2009 च्या प्राणी रोग प्रतिबंधक कायद्यानुसार बाधित जनावर संपवावं लागतं. म्हणून विकत घेण्याआधी रक्त तपासणीचा दाखला मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर ते तट्टू तिथेच राहू द्या, भाव कितीही उतरवला तरी. माळेगावच्या यात्रेत, सारंगखेड्यात, अकलूजच्या बाजारात घोडी खूप येतात. तिथे घ्यायची वेळ आली तर हे विशेष लक्षात ठेवा.

कामाला लावताना 1965 चे ओझेवाहू जनावरांचे नियम लागू होतात. तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त 70 किलो. दिवसभरात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम बंद. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ते रोजच वर असतं. पर्यटकांना फिरवायचा विचार असेल तर बसणाऱ्याचं वजन याच हिशेबात धरा. तीन वर्षांच्या आतलं शिंगरू ओझ्याला लावू नका.

आता पैशाचं

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश केला. भांडवली खर्चाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 50 लाख रुपये अनुदान. पात्र लोकांच्या यादीत बचतगटाचं नाव स्पष्ट आहे, म्हणजे तुमची बातमी खोटी नव्हती. पण ही मदत उद्योग उभा करण्यासाठी आहे, दारात एक तट्टू बांधण्यासाठी नाही. प्रकल्प लिहावा लागतो, उरलेली रक्कम स्वतःची किंवा बँकेच्या कर्जाची लागते. अर्ज ऑनलाइन होतो. माहिती जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयातून घ्या. "फाइल करून देतो" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला गटाच्या बैठकीत यायला सांगा, बहुतेक वेळा तो येत नाही. त्याच निर्णयात पशुविम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा 15 टक्क्यांवर आणला आहे, तो जरूर घ्या.

घरचा हिशेब तुमच्या बाजाराच्या भावाने मांडा. महिन्याला साधारण 150 ते 180 किलो कडबा. चंदी. नालबंद दोन महिन्यांतून एकदा. औषध, विमा. यासमोर ठरलेली कमाई काय, ते लिहा. "लग्नाच्या सुपाऱ्या मिळतील" ही कमाई नव्हे, गेल्या वर्षी शेजारच्या गावात कुणाला किती मिळाल्या हे कमाई. शिंगरू विकायचं म्हटलं तर 11 महिने गाभण आणि सहा महिने दुधावर, म्हणजे दीड वर्ष हातात काही नाही. शेळी पाच महिन्यांत विते.

म्हणून माझं स्पष्ट मत: मेंढरं आहेत, वाडा अजून हलतो, किंवा फिरस्ती सुटली तरी माळ आणि चारा आहे, अशा घराने आहे ते तट्टू विकू नये, जमलं तर चांगली घोडी ठेवावी. माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी किंवा कृषी पर्यटनात ज्यांचं काम आधीच ठरलंय त्यांनी विचार करावा. ज्यांच्याकडे ना चारा ना ठरलेलं काम, त्यांनी अंतर्गत कर्ज तट्टासाठी उचलू नये. गटानेही ते देऊ नये, मागणारी कितीही जवळची असली तरी.

घ्यायचंच ठरलं तर पावती बाईच्या नावाने करा. कर्ज तिच्या नावावर आणि जनावर दुसऱ्याच्या, असं होता कामा नये. पावतीवर रंग, कपाळावरचा टिळा, पायाचे पांढरे, भोवरे, अंदाजे वय आणि विकणाऱ्याची सही असू द्या. रक्त तपासणीचा दाखला त्याला जोडा. एक प्रत गटाच्या दप्तरात ठेवा, म्हणजे उद्या अडचणीच्या दिवसांत कुणी परस्पर तट्टू बाजाराला नेलं तर विचारायला आधार राहतो.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांना तट्टू घ्यायचंय त्यांनी पंधरा दिवसांची वही घेऊन यावं. यजमानांना आणि सासूबाईंनाही बोलवा, अर्धा तास पुरेल. कर्जाच्या अर्जाआधी आपण वहीच वाचू, आणि ज्यांच्या नावाखाली खुणा कमी आहेत त्यांनाच आधी बोलायला सांगू.